विजेत्याची सवलत : इयन बेकर-फिंचच्या घसरणीचा प्रकरण अभ्यास

जुलै 1991 मध्ये इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील रॉयल बर्कडेल मैदानावर इयन बेकर-फिंच या तीस वर्षांच्या ऑस्ट्रेलियन गोल्फ खेळाडूने ओपन चॅम्पियनशिप ही गोल्फच्या चार मोठ्या स्पर्धांपैकी एक जिंकली. 1995 आणि 1996 या दोन हंगामांत तो अमेरिकेच्या पीजीए टूरवर (व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत) 29 स्पर्धांत उतरला आणि त्यांपैकी एकाही स्पर्धेत त्याला शेवटच्या दिवसापर्यंत खेळता आले नाही; कधी कट चुकला (म्हणजे तो निम्म्यावरच गळाला), कधी एका फेरीनंतर त्याने माघार घेतली, कधी तो अपात्र ठरला. जुलै 1997 मध्ये स्कॉटलंडच्या रॉयल ट्रून मैदानावर, त्याच ओपन चॅम्पियनशिपच्या पहिल्या फेरीत, ठरलेल्या 71 ऐवजी त्याला 92 फटके लागले. दुसऱ्या दिवशी तो मैदानात आला नाही आणि टूरवरची नियमित कारकीर्द तेथेच संपली. तेव्हा त्याचे वय 36 होते. गोल्फमध्ये हे वय उतरणीचे मानले जात नाही. अनेक खेळाडूंची सर्वोत्तम वर्षे याच सुमारास येतात.

या घसरणीचे कारण विचारले की एका वाक्यात उत्तर मिळते : आत्मविश्वास गेला. ते खोटे नाही, पण त्यातून फारसे काही कळतही नाही. आत्मविश्वास जाणे हा परिणाम आहे. तो कशामुळे गेला, आणि गेल्यानंतर तो परत येण्यासाठी लागणारी सवड खेळाडूला का मिळाली नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तंत्रात सापडते आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसऱ्याचे उत्तर आंतरराष्ट्रीय टूरच्या रचनेत आहे. विजेत्याला बक्षीस म्हणून जी खेळण्याची सवलत मिळते, तीच या प्रकरणात त्याला बिघडलेला खेळ घेऊन पुन्हा पुन्हा सर्वांत कठीण मैदानांवर घेऊन गेली, असे माझे मत आहे, आणि पुढील मांडणी त्याच अंगाने केली आहे.

चार खंडांवरून आलेला खेळाडू

बेकर-फिंचचा जन्म 1960 मध्ये क्वीन्सलँडमधील नॅम्बोर येथे झाला. पंधराव्या वर्षी शाळा सोडून त्याने गोल्फचा ध्यास घेतला आणि 1979 मध्ये तो व्यावसायिक झाला. त्याच्या स्विंगवर, म्हणजे क्लब (चेंडू मारण्याची काठी) फिरवण्याच्या पद्धतीवर, महान अमेरिकन खेळाडू जॅक निकलसच्या लेखनाचा प्रभाव होता. 1983 मध्ये त्याने न्यूझीलंड ओपन जिंकली आणि त्या विजयाने त्याच्यासाठी बाहेरचे दरवाजे उघडले.

त्या पिढीतील ऑस्ट्रेलियन व्यावसायिकाचे वर्ष कसे जात असे हे समजून घेणे आवश्यक आहे. दक्षिण गोलार्धातील उन्हाळ्यात मायदेशातील स्पर्धा, मग जपान, मग युरोप, आणि सगळे जमले तर अमेरिका, असा तो क्रम असे. प्रत्येक टूरचे सदस्यत्व वेगळे, बक्षिसांची क्रमवारी वेगळी, गवत वेगळे, वारा वेगळा. प्रवास, निवास, कॅडी (सामान वाहणारा सहायक) आणि प्रशिक्षक यांचा खर्च खेळाडूने स्वतः करायचा. स्पर्धा साधारणपणे चार दिवसांची आणि 72 होलची (चेंडू ज्यांत घालायचा ते खड्डे, दिवसाला 18) असते. पहिल्या 36 होलनंतर सुमारे निम्मे खेळाडू गळतात, त्यालाच कट म्हणतात, आणि कट चुकलेल्या व्यावसायिकाला त्या आठवड्याचे बक्षीस मिळत नाही, खर्च मात्र पूर्ण होतो. संघ नाही, करार नाही, मासिक वेतन नाही. अशा व्यवस्थेत तगून राहणारा खेळाडू वेगवेगळ्या मैदानांशी जुळवून घ्यायला शिकतो, आणि बेकर-फिंच ते उत्तम शिकला होता. 1985 मध्ये त्याने युरोपीय टूरवर स्कँडिनेव्हियन ओपन जिंकली, त्या दशकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये विजय मिळवले आणि 1989 मध्ये टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे कलोनियल स्पर्धा जिंकून अमेरिकेच्या टूरवर आपली जागा पक्की केली. कलोनियलचे मैदान आखूड आणि झाडांनी आवळलेले आहे. तेथे लांब मारणाऱ्यापेक्षा नेमके मारणाऱ्याला फळ मिळते. त्याचा अमेरिकेतील पहिला विजय तेथे मिळावा हे त्याच्या खेळाच्या जातीला साजेसेच होते.

ही जात काय होती? स्विंग संथ आणि एका लयीत. अंतर मध्यम. ड्रायव्हरने (लांब फटक्याच्या क्लबने) मारलेला चेंडू फार दूर जात नसे, पण फेअरवेत (कापलेल्या गवताच्या पट्ट्यात) राहत असे. ग्रीनजवळचा (होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीजवळचा) हलका खेळ आणि पटिंग (तेथे पटरने चेंडू होलमध्ये ढकलणे) ही त्याची खरी मिळकत होती. असा खेळाडू मैदानावर हुकूमत गाजवत नाही. तो चुका टाळत जातो आणि पटरच्या जोरावर अधूनमधून एखादी बर्डी (पारपेक्षा, म्हणजे होलसाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा, एक कमी) पदरात पाडून घेतो.

जिंकण्यापूर्वी त्याला दोनदा हरावे लागले. 1984 मध्ये, 23 व्या वर्षी, सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर त्याने 68 आणि 66 अशा फेऱ्यांनी ओपनमध्ये आघाडी घेतली. तिसऱ्या फेरीअखेर तो आणि टॉम वॉटसन 205 फटक्यांवर बरोबरीत होते. शेवटच्या दिवशी पहिल्याच ग्रीनवर त्याचा दुसरा फटका टप्पा घेऊन उलटा फिरला आणि समोरच्या स्विल्कन बर्न ओढ्यात गेला. त्या फेरीत त्याला 79 फटके लागले, तो संयुक्त नवव्या स्थानी घसरला आणि सेव्हे बायेस्तेरोस जिंकला. 1990 मध्ये पुन्हा त्याच मैदानावर तिसऱ्या फेरीत 64 फटक्यांची सुंदर खेळी करून तो शेवटच्या दिवशी निक फाल्डोच्या जोडीला उतरला. परंतु फाल्डो पाच फटक्यांनी पुढे होता आणि मागे वळून पाहणाऱ्यांपैकी नव्हता. या दोन पराभवांचा येथे उल्लेख करण्याचे कारण एवढेच, की दडपणाखाली कोसळणारा खेळाडू अशी जी प्रतिमा नंतर त्याच्यावर चिकटवली गेली ती या पुराव्यात बसत नाही. 1984 ची फेरी विसरून तो सहा वर्षांनी तेथेच 64 फटके खेळला. पुढच्याच वर्षी तो जिंकला.

बर्कडेलचा तो विजय निसटता नव्हता. 71, 71, 64, 66 अशा फेऱ्या, एकूण 272 फटके, म्हणजे पारपेक्षा आठने कमी. शेवटच्या फेरीत मार्क ओ'मिएरा बरोबरीत असताना त्याने पहिल्या सात होलपैकी पाचांवर बर्डी साधली आणि पहिले नऊ होल 29 फटक्यांत पूर्ण केले. त्यानंतर सामना प्रत्यक्षात उरलाच नाही. त्याचाच देशबांधव माइक हारवुड दोन फटक्यांनी मागे राहिला. याच मैदानावर 1954 आणि 1965 मध्ये पीटर थॉमसन हा ऑस्ट्रेलियन जिंकला होता. तोही लांबीपेक्षा अचूकतेवर जगणारा खेळाडू होता, हे जाता जाता नोंदवण्यासारखे आहे.

जिंकल्यानंतरचा निर्णय

ओपनच्या विजयानंतर तीनच आठवड्यांनी अमेरिकेत इंडियाना राज्यातील क्रूकेड स्टिक मैदानावर पीजीए चॅम्पियनशिप झाली. राखीव यादीतून ऐन वेळी जागा मिळालेल्या जॉन डेलीने ती जिंकली. डेली चेंडू इतका दूर मारत असे की मैदानाची रचना करणाऱ्यांनी ठेवलेले बंकर तो वरूनच ओलांडत होता. त्याच वर्षी मोठ्या डोक्याचा धातूचा ड्रायव्हर बिग बर्था बाजारात आला आणि पुढील काही वर्षांत लाकडी डोक्याचे ड्रायव्हर टूरवरून नाहीसे झाले. खेळाचा काटा लांबीकडे झुकत होता आणि ते सर्वांना दिसत होते.

बेकर-फिंचने नंतर वेळोवेळी सांगितले आहे की विजयानंतर त्याला आणखी चांगले व्हायचे होते, आणि आणखी चांगले याचा त्याने लावलेला अर्थ आणखी लांब असा होता. ही महत्त्वाकांक्षा मूर्खपणाची होती असे मला वाटत नाही. अमेरिकेतील मैदाने ओपनच्या समुद्रकाठच्या मैदानांपेक्षा मऊ असतात. चेंडू पडल्यावर फारसा घरंगळत नाही, त्यामुळे हवेतले अंतर महत्त्वाचे ठरते. ओपनचा विजेता म्हणून अमेरिकेत पूर्ण वेळ खेळायचे तर वीस-पंचवीस यार्ड अधिक असावेत असे कोणालाही वाटले असते. सुरुवातीचे निकालही त्याला खोटे पाडत नव्हते : 1992 च्या प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये तो संयुक्त दुसरा आला, 1993 मध्ये त्याने ऑस्ट्रेलियन पीजीए जिंकली. ती जिंकताना, हा आपला शेवटचा विजय ठरेल अशी शंका त्याला आली असण्याचे कारण नाही.

तंत्राच्या दृष्टीने काय घडते ते पाहू. संथ स्विंगमध्ये वेग आणायचा तर वळण मोठे करावे लागते किंवा हातांची गती वाढवावी लागते. वळण मोठे झाले की क्लब खाली येताना शरीराच्या फार आतून येऊ लागतो. त्या मार्गाने आलेल्या क्लबचा चेहरा आघाताच्या क्षणी किंचित जरी बंद झाला तरी उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू जोरात डावीकडे वळतो, त्याला हुक म्हणतात. हुकची भीती बसलेला खेळाडू आघाताच्या क्षणी हात अडवून धरतो, आणि मग चेंडू सरळ उजवीकडे सुटतो. आता दोन्ही बाजूंना चूक होऊ शकते. फक्त उजवीकडे चुकणारा व्यावसायिक डावीकडे निशाणा धरून पोट भरू शकतो. दोन्हीकडे चुकणाऱ्याला निशाणा धरायला जागाच उरत नाही. टूरवरील खेळाडूंना सर्वाधिक धास्ती वाटते ती याच अवस्थेची.

येथे बेकर-फिंचचे बलस्थान निकामी ठरले. ग्रीन चुकले तर वेज (जवळच्या उंच फटक्यांचा क्लब) आणि पटर सावरून घेतात. चेंडू झाडीत गेला तरी एखाद्या फटक्याचे नुकसान होते आणि खेळ पुढे चालतो. परंतु टीवरून (होलच्या सुरुवातीच्या जागेवरून) मारलेला चेंडू हद्दीबाहेर गेला तर दंडाचा एक फटका धरून पुन्हा टीवरूनच मारावे लागते, म्हणजे पुढचा फटका तिसरा. जगातील उत्तम पटरधारकालाही तेथे पारची आशा जवळजवळ सोडावी लागते. ज्याची सारी कमाई हलक्या खेळातून येत होती, त्याचा जड खेळ बिघडल्यावर ती कमाई दंड भरण्यातच जाऊ लागली.

त्यानंतर सल्लागारांची रांग लागली. प्रशिक्षक बदलले, सहकारी खेळाडूंनी सूचना दिल्या. तो मनमिळाऊ आणि कोणालाही नाही न म्हणणारा म्हणून टूरवर ओळखला जात असे, आणि सल्ल्याच्या बाबतीत हा गुण महागात पडतो. प्रत्येक सल्लागाराचे निदान त्याच्या पद्धतीत योग्य असू शकते. पण एकाचे पकडीविषयीचे मत आणि दुसऱ्याचे खांद्याच्या वळणाविषयीचे मत एकाच स्विंगमध्ये घालता येत नाही. सव्वा सेकंदाच्या आसपास संपणाऱ्या क्रियेत चार सूचना आठवत राहिल्या की शरीर त्यांपैकी एकही पाळत नाही.

सर्वांत चमत्कारिक बाब म्हणजे सरावाच्या वेळी यातले काही दिसत नसे. ड्रायव्हिंग रेंजवर तो पूर्वीसारखेच स्वच्छ फटके मारत असे, सरावाच्या फेऱ्या चांगल्या होत, आणि गुरुवारी सकाळी स्पर्धेच्या पहिल्या टीवर उभे राहिल्यावर सारे निसटत असे. त्यामुळे प्रत्येक आठवड्याची सुरुवात आशेने होई. रेंजवर खेळ बिघडलेला दिसला असता तर कदाचित त्याने स्वतःहून थांबून उपाय केला असता. चांगल्या सरावानेच त्याला पुढच्या स्पर्धेत ढकलले.

सवलतीचे गणित

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. पीजीए टूरवरील सामान्य खेळाडूचे त्या काळचे गणित निष्ठुर पण सोपे होते : वर्षअखेर बक्षिसांच्या यादीत पहिल्या 125 मध्ये असाल तर पुढच्या वर्षीचे कार्ड (टूरवर खेळण्याचा हक्क) तुमचे, नसाल तर पात्रता स्पर्धा खेळा किंवा खालच्या टूरवर जा. मोठी स्पर्धा जिंकणाऱ्याला मात्र त्या वेळी दहा वर्षांची सवलत मिळत असे. बेकर-फिंचने 1991 मध्ये ओपन जिंकल्याने 2001 पर्यंत त्याचे कार्ड कोणी काढून घेईल ही चिंता नव्हती. याखेरीज ओपनचा माजी विजेता म्हणून त्या स्पर्धेत त्याची जागा आणखी कित्येक दशके राखीव होती. त्या काळी ही मर्यादा वयाच्या पासष्टीपर्यंत होती.

ही सवलत उदार आहे आणि तिचा हेतू चांगला आहे. एखाद्या वर्षी दुखापत झाली, घरी काही अडचण आली किंवा नुसताच सूर हरवला, तर विजेत्याला पोटापाण्याची भीती न बाळगता सावरता यावे. परंतु येथे ती उलटी लागू पडली. सलग अर्धा हंगाम कट चुकवणारा सामान्य खेळाडू आपोआप बाहेर फेकला जातो. तो छोट्या टूरवर जातो, जेथे प्रेक्षक थोडे, मैदाने सोपी आणि चुकीची किंमत कमी असते. तेथे तो चार-सहा कट पार करतो, एखाद्या स्पर्धेत पहिल्या दहांत येतो, आणि स्पर्धेत चेंडू सरळ जाऊ शकतो याचा त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पुरावा मिळतो. बेकर-फिंचला हा अपमान सोसावा लागला नाही, म्हणून हा उपचारही मिळाला नाही. दर आठवड्याला त्याच्यासाठी जगातील सर्वांत अवघड मैदानाचा दरवाजा उघडा होता आणि त्या दारातून आत गेल्यावर टीवर त्याच्या नावाची घोषणा ओपनचा विजेता म्हणूनच होत असे.

1995 ची ओपन सेंट अँड्र्यूज येथे झाली. त्या वर्षी अर्नोल्ड पामर 65 व्या वर्षी शेवटची ओपन खेळत होता आणि बेकर-फिंच पहिल्या दोन दिवसांसाठी त्याच्या गटात होता. साहजिकच पहिल्या टीभोवती प्रचंड गर्दी होती. ओल्ड कोर्सचा पहिला होल हा मोठ्या स्पर्धांतील बहुधा सर्वांत सुटसुटीत सुरुवातीचा फटका मागतो : पहिल्या आणि अठराव्या होलच्या फेअरवे मध्ये कसलीही आडकाठी न ठेवता एकमेकींना जोडलेल्या आहेत, त्यामुळे समोर गवताचा प्रचंड रुंद पट्टा दिसतो. डावीकडची हद्द अठराव्या होलच्याही पलीकडे, रस्त्याला लागून आहे. बेकर-फिंचचा चेंडू डावीकडे वळत वळत ते सारे मैदान ओलांडून त्या हद्दीच्या बाहेर गेला. चेंडू तेथवर पोहोचवण्यासाठी किती वाकडे मारावे लागते हे त्या टीवर एकदा उभ्या राहिलेल्या कोणत्याही हौशी खेळाडूला कळते. हा फटका नंतर विनोदाचा विषय झाला. मला मात्र त्यात विनोदापेक्षा ठिकाणाची निवड अधिक बोलकी वाटते : ज्या खेळाडूला त्या आठवड्यात कोठल्यातरी शांत मैदानावर चेंडू फेअरवेत ठेवण्याचा सराव स्पर्धेच्या वातावरणात मिळायला हवा होता, तो पामरच्या निरोपाच्या गर्दीसमोर उभा होता. ती ओपन जॉन डेलीने जिंकली.

त्या 29 स्पर्धांचे तपशील एकसारखेच आहेत, म्हणून त्यांत शिरण्याचे कारण नाही. मुख्य मुद्दा असा की या दोन वर्षांत त्याला स्पर्धेतील यशाची एकही ताजी आठवण तयार करता आली नाही. आत्मविश्वास हा शब्द आपण फार सैल वापरतो. व्यावसायिक गोल्फरच्या बाबतीत त्याचा अर्थ बराच ठोस असतो : असाच फटका, अशाच दडपणाखाली, अलीकडेच आपण नीट मारला आहे ही स्मृती. ती स्मृती संपली की रेंजवरचे हजार चांगले फटके तिची जागा घेत नाहीत.

ट्रून

1997 पर्यंत त्याने स्पर्धा पुष्कळ कमी केल्या होत्या. रॉयल ट्रूनचे मैदान समुद्राला समांतर बाहेर जाते आणि तसेच परत येते. नेहमीच्या वाऱ्यात पहिले होल सोपे जातात आणि परतीचे नऊ वाऱ्याच्या तोंडावर खेळावे लागतात. पार 71. लांबीचा हव्यास धरून ज्याची अचूकता गेली आहे अशा खेळाडूसाठी ते परतीचे होल म्हणजे दोन-अडीच तासांची शिक्षाच असते. 92 फटके म्हणजे पारपेक्षा 21 अधिक. एखाद्या चांगल्या क्लबमधील हौशी खेळाडू वाऱ्याच्या दिवशी इतके फटके खेळला तर कोणी वळूनही पाहणार नाही, पण सहा वर्षांपूर्वी याच स्पर्धेचा चषक उचललेल्या खेळाडूच्या नावापुढे हा आकडा लागला होता. फेरी संपल्यावर तो लॉकर रूममध्ये रडला हे त्याने स्वतः लपवलेले नाही. त्या स्पर्धेत जस्टिन लेनर्ड जिंकला, तोही 272 फटक्यांत.

या टप्प्यावर काही समीक्षकांनी विचारले की तो ट्रूनला खेळायला गेलाच कशाला. प्रश्न रास्त आहे, पण त्यात खेळाडूच्या बाजूची एक गोष्ट सुटते. विजेता म्हणून राखीव असलेली जागा नाकारणे म्हणजे आपण आता खेळाडू राहिलो नाही हे जाहीरपणे मान्य करणे. प्रायोजक, मित्र, कुटुंब, प्रशिक्षक या सर्वांना ते एका पत्राने कळते. ज्याला कार्ड गमवावे लागते त्याच्या वतीने हा निर्णय यादी घेते. सवलतधारकाला तो स्वतःच्या सहीने घ्यावा लागतो. तीच सही टाळत तो ट्रूनपर्यंत आला असावा, असा माझा अंदाज आहे.

दुसऱ्या वाटा

हेच अन्यत्र कसे घडले ते पाहिल्याशिवाय सवलतीवर ठपका ठेवणे घाईचे होईल. डेव्हिड डुव्हाल 1999 मध्ये जागतिक क्रमवारीत पहिला होता आणि 2001 मध्ये त्याने ओपन जिंकली. त्यानंतर दुखापती आणि हरवलेला स्विंग यांनी त्यालाही ग्रासले आणि त्याची घसरण बेकर-फिंचच्या तोडीची होती. मात्र 2009 च्या यू. एस. ओपनमध्ये, क्रमवारीत 882 व्या स्थानी असताना, पात्रता फेरी खेळून तो मुख्य स्पर्धेत आला आणि बेथपेज येथे संयुक्त दुसरा ठरला. त्या एका आठवड्यापूर्वी पात्रता फेरीत त्याला काहीतरी कमवावे लागले होते, आणि कमावलेली गोष्ट घेऊन तो टीवर उभा राहिला होता. अर्थात त्यानंतर डुव्हाल पुन्हा कधी जिंकला नाही, तेव्हा हा पुरावा फार ताणण्यात अर्थ नाही.

जीव मिल्खा सिंगचे उदाहरण मला अधिक उपयोगाचे वाटते, कारण त्याच्याकडे मोठ्या स्पर्धेच्या विजयाची दहा वर्षांची ढाल कधीच नव्हती. 1998 मध्ये युरोपीय टूरवर नियमित खेळू लागलेला तो पहिला भारतीय. 1999 नंतर त्याची विजयाची पाटी सुमारे सात वर्षे कोरी राहिली. मनगटाच्या आणि इतर दुखण्यांची भर पडली. या काळात तो आशिया आणि जपानमधील स्पर्धा खेळत राहिला, जेथे कट पार करणे शक्य होते आणि आठवड्याच्या शेवटी हातात काहीतरी पडत होते. एप्रिल 2006 मध्ये त्याने चायना ओपन जिंकली. ही स्पर्धा आशियाई आणि युरोपीय अशा दोन्ही टूरची संयुक्त मान्यता असलेली होती, म्हणजे लहान घरातून मोठ्या घरात जाणारा दरवाजा तिच्यातच होता. त्याच वर्षी त्याने स्पेनमधील वाल्डेरामा येथे व्होल्वो मास्टर्स जिंकली, जपानमध्ये दोन विजय मिळवले आणि आशियाई टूरच्या क्रमवारीत पहिला आला. 2007 मध्ये तो मास्टर्समध्ये (चार मोठ्या स्पर्धांपैकी एकीत) खेळणारा पहिला भारतीय ठरला. त्याची आणि बेकर-फिंचची दुखणी एक नव्हती, हे मान्य. पण घसरलेल्या खेळाडूला पायरी मिळण्यात आणि नुसता सपाट कडा मिळण्यात जो फरक आहे, तो या दोन कारकिर्दींत स्पष्ट दिसतो. गंमत अशी की बेकर-फिंच स्वतः अशाच पायऱ्या चढून वर आला होता : न्यूझीलंड, स्कँडिनेव्हिया, जपान, टेक्सास. उतरताना त्याला त्या वापराव्या लागल्या नाहीत.

निवृत्तीनंतर तो दूरचित्रवाणीवरील समालोचक झाला आणि 2007 ते 2024 अशी प्रदीर्घ कारकीर्द त्याने सीबीएस वाहिनीवर केली. मित्रांबरोबरच्या फेऱ्यांत तो पुन्हा उत्तम खेळू लागला होता. 2001 मध्ये कलोनियलला एकदा स्पर्धेत उतरून पाहिले, पण कट पार झाला नाही. त्याने टूरवर परतण्याचा हट्ट धरला नाही.

राहता राहिला नियम. पीजीए टूरने 1998 पासून मोठ्या स्पर्धेच्या विजेत्यांची सवलत दहा वर्षांवरून पाच वर्षांवर आणली. हा बदल बेकर-फिंचच्या वेळी असता तर चित्र पालटले असते का? हिशेब केला तर नाही असेच उत्तर येते : 1991 च्या विजयावर पाच वर्षांची सवलत 1996 अखेरपर्यंत चालली असती, म्हणजे त्या 29 स्पर्धा तिच्यातच बसल्या असत्या, आणि ट्रूनमधील जागा तर वेगळ्याच नियमाने राखीव होती. मुदत कमी केल्याने प्रश्न सुटत नाही, कारण अडचण मुदतीच्या लांबीची नव्हती. वापरली नाही तर वाया जाते, ही त्या सवलतीची अट अडचणीची होती. दुखापतग्रस्त खेळाडूसाठी टूरकडे वैद्यकीय मुदतवाढीची सोय आहे : डॉक्टरांचा दाखला द्या, घरी बसा, आणि परतल्यावर चुकलेल्या स्पर्धांइतकी संधी घ्या. त्या दाखल्यावर खांदा, पाठ, मनगट, गुडघा लिहिता येतो. 1994 मध्ये बेकर-फिंचने असा अर्ज केला असता तर कारणाच्या रकान्यात काय लिहायचे हे कोणालाच सांगता आले नसते, कारण रेंजवर तो पूर्णपणे ठणठणीत होता.